जनावरांची लस : शेतकऱ्यांच्या शंका व त्यांची उत्तरे

पावसाळा तोंडावर आला म्हणजे शेतकऱ्याच्या मनात बी-बियाणे, खते आणि पेरणी यांची चिंता सुरू होते. औते दुरुस्त केली जातात, बांध घातले जातात, घरे शाकारली जातात. या धांदलीत गोठ्यातील जनावरांकडे मात्र, ती धडधाकट दिसतात म्हणून, दुर्लक्ष होते. वस्तुतः जनावरांच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत जोखमीचा असतो. उन्हाळ्यातील चाराटंचाईमुळे ती रोडावलेली असतात. पहिल्या पावसात ती भिजतात, ओलसर जागी बसतात, दूषित डबक्यातील पाणी पितात. आणि घटसर्प व फऱ्या यांसारखे रोग नेमके याच वेळी डोके वर काढतात. पेरणीच्या ऐन घातीवर जोडीतला एक बैल गेला, तर दुसरा असून नसल्यासारखा होतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. उसना बैल त्या दिवसांत मिळत नाही, आणि नवा घ्यावा तर बियाण्याचा पैसा त्यात जातो.

ही हानी टाळण्याचा उपाय आज प्रत्येक तालुक्यात उपलब्ध आहे. तो म्हणजे वेळेवर लस टोचून घेणे. परंतु लसीकरणाचे पथक गावात आले की काही गोठ्यांची दारे बंद आढळतात, काही जनावरे त्या दिवशी मुद्दाम दूरच्या रानात नेली जातात. यामागे शेतकऱ्यांचा अडाणीपणा आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांच्या मनात काही शंका असतात आणि त्यांतील बहुतेक शंका अनुभवातून आलेल्या असतात. त्यांना सरळ उत्तर मिळाले पाहिजे. प्रस्तुत लेखक कृषि-पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. तथापि, कामानिमित्त गावोगावी हिंडताना चावडीवर, दूध संकलन केंद्रावर आणि आठवडी बाजारात जे प्रश्न वारंवार कानी पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

लस म्हणजे औषध नव्हे

लस आणि औषध यांतील फरक प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. औषध हे रोग झाल्यावर देतात. लस ही रोग होण्यापूर्वी द्यावयाची असते. लसीमध्ये रोगजंतूच असतात, परंतु ते एक तर मारलेले असतात किंवा रोग उत्पन्न करू शकणार नाहीत इतके सौम्य केलेले असतात. अशा जंतूंची ओळख पटली म्हणजे जनावराचे शरीर त्यांच्याशी लढण्याची तयारी करून ठेवते. पुढे खरा रोगजंतू शरीरात शिरला, तर ही तयारी कामास येते.

या तयारीला वेळ लागतो, आणि सर्व गोष्टींचे मर्म येथेच आहे. साधारणपणे लस टोचल्यापासून दोन ते तीन आठवड्यांनी पुरेशी प्रतिकारशक्ती येते. म्हणून ज्याला मृगाच्या पावसापूर्वी जनावर सुरक्षित हवे आहे, त्याने लस मे महिन्यातच टोचून घेतली पाहिजे. शेजारच्या गोठ्यात जनावर दगावले म्हणून दवाखान्याकडे धाव घेणे, हे घराला आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजीतील ‘व्हॅक्सिन’ हा शब्द लॅटिन भाषेतील गाईच्या नावावरून आलेला आहे. सन १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गाईच्या देवीच्या फोडातील द्रव एका मुलाला टोचून, त्यामुळे माणसाच्या देवीपासून त्याचे रक्षण होते, असे दाखवून दिले. म्हणजे माणसाला लस दिली ती गाईनेच. तिच्या ऋणाची फेड म्हणून तरी तिला लसीवाचून ठेवणे शोभत नाही.

लसीमुळे जनावर आजारी पडते काय?

ही सर्वांत जुनी शंका आहे. लस टोचल्यानंतर एक-दोन दिवस काही जनावरांना थोडा ताप येतो, ती चारा कमी खातात, मलूल दिसतात. टोचलेल्या जागी सूज किंवा गाठ येते. ही लक्षणे रोगाची नव्हेत. शरीराने लसीची दखल घेतली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. ताप आपोआप उतरतो. तेलमिश्रित लसीची गाठ काही आठवडे राहू शकते. ती हळूहळू विरते. गाठ फोडणे, चिरणे किंवा तिच्यावर डाग देणे हे मात्र घातक आहे. तसे केल्याने साध्या गाठीचे गळू होते आणि दोष लसीला लागतो. गाठ गरम लागत असेल, वाढत असेल किंवा तिच्यात पू झाला असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी.

क्वचित एखाद्या जनावरास लसीचे वावडे असते. अशा वेळी टोचल्यानंतर थोड्याच वेळात, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, ते धापा टाकू लागते, तोंडाला फेस येतो, डोळे व तोंड सुजते, किंवा ते खाली बसते. असा प्रकार विरळा असला तरी तो होऊ शकतो, हे लपविण्यात काही अर्थ नाही. त्यावर तातडीचे इंजेक्शन पथकातील डॉक्टरांजवळ असते. यास्तव लस टोचल्याबरोबर जनावर हाकून रानात नेऊ नये. अर्धा-पाऊण तास ते पथकाच्या नजरेसमोर बांधून ठेवावे. पूर्वी एखाद्या लसीच्या वेळी त्रास झालेला असेल, तर तो सुई टोचण्याच्या अगोदरच सांगावा.

आणखी एक खबरदारी बैलांच्या बाबतीत घेणे अगत्याचे आहे. लस दिलेल्या बैलास दोन-तीन दिवस विश्रांती द्यावी. सकाळी लस आणि दुपारी नांगर, असे केले तर बैल थकतो आणि लस बाधली असा समज होतो. गोठ्यात सावली, स्वच्छ पाणी आणि नेहमीचा चारा एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

दूध कमी होते, त्याचे काय?

एका दूध संकलन केंद्रावर एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, सुई टोचली की म्हैस तीन दिवस दूध कमी देते. डेअरीच्या पगारावर घर चालतं. तो तोटा कोण भरून देणार?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटले, “काका, तुमचं म्हणणं खरं आहे. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहू.”

आम्ही तेथेच पाटीवर हिशेब मांडला. समजा, म्हैस दिवसाला ८ लिटर दूध देते आणि लसीनंतर तीन दिवस रोज १ लिटर दूध कमी आले. एकूण घट ३ लिटर. वर्षातून दोन वेळा लस टोचली तर ६ लिटर. आता दुसरी बाजू. हीच म्हैस लाळ्या-खुरकूत रोगाने आजारी पडली, तर तिच्या जिभेवर व हिरड्यांवर फोड येतात, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. ती खाऊ शकत नाही आणि उभीही राहू शकत नाही. दूध एकदम उतरते. आचळांवर फोड आले तर धार काढू देत नाही आणि दगडी होण्याचे भय असते. पंधरा दिवस निम्मे दूध गेले असे धरले, तरी घट ६० लिटरांची होते. आणि बरी झाल्यावर त्या वितात दूध पूर्वीइतके वाढेलच, असा भरवसा नसतो. औषधांचा खर्च वेगळाच. काका काही वेळ पाटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे सहा लिटर हे राखणीचे.” यापेक्षा नेमके उत्तर मलाही देता आले नसते.

लाळ्या-खुरकूत रोगाने मोठी जनावरे सहसा मरत नाहीत, म्हणून कित्येक शेतकरी त्यास किरकोळ समजतात. हा गैरसमज आहे. लहान वासरांच्या हृदयावर या रोगाचा परिणाम होऊन ती अचानक मरतात. संकरित गाईंना रोगाचा त्रास विशेष होतो. रोगातून उठलेली काही जनावरे पुढे उन्हात धापा टाकतात आणि बैल पूर्वीसारखे काम देत नाहीत. या रोगाच्या विषाणूवर औषध नाही. तुरटीच्या पाण्याने तोंड धुणे, खुरांच्या जखमा स्वच्छ ठेवणे, मऊ चारा घालणे एवढेच आपल्या हाती राहते.

लस दिलेल्या जनावराचे दूध वापरण्यास योग्य असते. ते नेहमीप्रमाणे उकळून घ्यावे, इतकेच.

गाभण जनावर आणि लहान वासरू

गाभण गाईस लस दिली तर ती गाभडते, असे अनेकांना वाटते. याचे उत्तर लसीच्या प्रकारावर अवलंबून आहे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी मारलेल्या जंतूंपासून केलेल्या असतात. त्या गाभण जनावरांत रोग निर्माण करू शकत नाहीत. धोका असतो तो जनावरास पाडण्याचा, धावपळीचा आणि घाबरवण्याचा. दिवस भरत आलेल्या गाईस दोर बांधून आडवी पाडली, तर लस नव्हे, आपण तिला इजा करतो. म्हणून किती महिन्यांची गाभण आहे हे डॉक्टरांना अगोदर सांगावे. ती अगदी विण्याच्या बेतात असल्यास लस व्यायल्यानंतर देण्याचा निर्णय ते घेतील.

याच्या उलट, सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, या रोगाची प्रचलित लस जिवंत जंतूंची आहे. ती केवळ ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना, आयुष्यात एकदाच, टोचतात. गाभण गाईस आणि वळूस ती देत नाहीत. गाभणीस दिल्यास गर्भपात होऊ शकतो आणि वळूच्या वृषणास सूज येऊ शकते. ही लस चुकून माणसास टोचली गेली तर त्यालाही रोग होऊ शकतो. लस बाजारातून आणून घरच्या घरी टोचू नये, असे जे वारंवार सांगितले जाते, त्याचे कारण यावरून स्पष्ट होईल. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. गाभडलेल्या गाईचा गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये आणि कच्चे दूध पिऊ नये.

वासरांच्या बाबतीत वयाचे बंधन का पाळतात, हेही समजून घ्यावे. वासरू चीक पिते तेव्हा आईची प्रतिकारशक्ती त्याच्या अंगात उतरते. ती काही आठवडे त्याचे रक्षण करते. पण त्याच काळात लस टोचली, तर ती शक्ती लसीलाही निष्फळ करते. म्हणून लाळ्या-खुरकूत रोगाची पहिली मात्रा चार महिने वयानंतर देतात आणि साधारण एका महिन्याने दुसरी मात्रा देतात. ही दुसरी मात्रा अनेकजण विसरतात. पहिल्या मात्रेने शरीरास ओळख होते, दुसरीने ती पक्की होते.

लस टोचूनही रोग का होतो?

“मागच्या वर्षी लस टोचली होती, तरी गाय गेलीच,” ही तक्रार खोटी नसते. लस पूर्ण कवच नव्हे. परंतु ती निष्फळ ठरण्याची कारणे शोधली, तर त्यांतील पुष्कळशी टाळण्यासारखी असतात.

पहिले कारण काळाचे. काही लसींचा परिणाम लौकर ओसरतो. लाळ्या-खुरकुताची लस साधारणपणे सहा महिने संरक्षण देते. दिवाळीला टोचलेली लस पुढच्या दिवाळीपर्यंत पुरत नाही. म्हणूनच ही लस वर्षातून दोन वेळा द्यावी लागते.

दुसरे कारण, रोग अगोदरच शरीरात शिरलेला असणे. साथ गावात आल्यावर लस टोचली, तर काही जनावरांना संसर्ग झालेला असतो, फक्त लक्षणे दिसलेली नसतात. अशी जनावरे लसीनंतर दोन-चार दिवसांत आजारी पडतात आणि लसीनेच रोग आणला, असा बोभाटा होतो.

तिसरे कारण रोगजंतूच्या जातीचे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे अनेक प्रकार आहेत व एकाची लस दुसऱ्यास चालत नाही. आपल्या देशात ओ, ए आणि आशिया-१ हे तीन प्रकार आढळतात. म्हणून या तिन्ही प्रकारांचा समावेश असलेली लस वापरली जाते.

चौथे कारण जनावराच्या प्रकृतीचे. पोटात जंत असलेले, गोचिडांनी रक्त शोषलेले, उपासमार झालेले जनावर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. लसीकरणापूर्वी पंधरा दिवस जंतनाशक औषध पाजावे. आजारी किंवा ताप असलेल्या जनावरास लस देऊ नये. ते बरे झाल्यावर द्यावी.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण थंडाव्याचे आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. कारखान्यापासून गोठ्यापर्यंत ही थंडाव्याची साखळी कोठेही तुटता कामा नये. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत तासभर राहिलेली बाटली दिसते तशीच, पण तिच्यातील गुण गेलेला असतो. अति थंडीही बाधते. लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्पाची लस गोठून बर्फ झाली, तर ती वितळल्यावरही निरुपयोगी ठरते. यासाठी अशी बाटली बर्फाला थेट चिकटवून ठेवीत नाहीत. पथक गावात आले म्हणजे बर्फपेटी पाहण्याचा, बाटलीवरील मुदतीची तारीख विचारण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे. प्रत्येक जनावरासाठी स्वतंत्र सुई वापरली जाते की नाही, हेही पाहावे. असे विचारल्याने कोणी रागावण्याचे कारण नाही. काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यास उलट समाधान वाटते.

बकरीची लस गाईला कशी चालते?

सन २०२२ मधील लंपी चर्मरोगाच्या साथीत हा प्रश्न गावोगावी विचारला गेला. हा रोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून त्याची मोठी लाट सुरू झाली. गाई-बैलांच्या अंगावर गाठी, पायांना सूज, डोळ्या-नाकातून स्राव, तीव्र ताप, अशी त्याची लक्षणे आहेत. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत तो मुख्यतः पसरतो. माणसाला तो होत नाही. त्या वर्षी जनावरांचे बाजार व शर्यती बंद ठेवाव्या लागल्या आणि राज्यातील गोवंशास विनामूल्य लस टोचण्यात आली.

ही लस शेळ्यांच्या देवीची होती. त्यामुळे काहींना ती कमअस्सल वाटली. परंतु लंपीचा विषाणू आणि शेळी-मेंढीच्या देवीचे विषाणू ही एकाच कुळातील भावंडे आहेत. एकाची ओळख झालेले शरीर दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी ओळखते. जेन्नरने गाईच्या देवीने माणसाची देवी रोखली, त्यातील तत्त्व हेच. तथापि, सख्ख्या विषाणूची लस अधिक चांगली, हे उघड आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी मिळून लंपीच्याच विषाणूपासून तयार केलेली लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर करण्यात आली.

त्या साथीत मृत जनावरांसाठी राज्य शासनाने दुभत्या गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० रुपये आणि वासरास १६,००० रुपये असे अर्थसाहाय्य दिले. ही मदत मोलाची होती. परंतु हाताखाली वाढलेली कालवड गोठ्यातून उचलून नेताना ज्याने पाहिली आहे, त्याला विचारले तर तो सांगेल की भरपाई आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लस मिळते कोठे?

लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातील लसी विनामूल्य टोचण्यात येतात आणि २०३० पर्यंत लाळ्या-खुरकूत रोगाचे निर्मूलन करण्याचे ध्येय आहे. पावसाळ्यापूर्वीच्या घटसर्प, फऱ्या आदी लसींसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. पुण्यात औंध येथे राज्याची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था असून तेथे जनावरांच्या व कोंबड्यांच्या अनेक लसी तयार होतात. आजारी जनावराच्या मदतीसाठी १९६२ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

एका जनावरासाठी डॉक्टर लौकर का येत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. लसीच्या एका बाटलीत अनेक जनावरांच्या मात्रा असतात आणि बाटली एकदा उघडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते. भुकटीच्या स्वरूपातील जिवंत लस पाण्यात कालवल्यावर तर थोड्याच तासांत वापरावी लागते. म्हणून गावाने, वाडीने किंवा दूध संस्थेने एकत्र मागणी नोंदविली, दिवस ठरविला आणि जनावरे सकाळी उन्हे चढण्यापूर्वी खोड्याजवळ आणून बांधली, तर काम लौकर होते आणि लस वाया जात नाही. कानातील बारा अंकी बिल्ल्यावर लसीची नोंद होते. बिल्ला निघाला असल्यास तो पुन्हा लावून घ्यावा.

केव्हा कोणती लस?

स्थानिक परिस्थितीनुसार डॉक्टर यात फेरबदल करतील. परंतु सामान्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

लाळ्या-खुरकूत : चार महिने वयानंतर पहिली मात्रा, एका महिन्याने दुसरी, त्यानंतर दर सहा महिन्यांनी.

घटसर्प : सहा महिने वयानंतर, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. याचे जंतू काही निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशातही असतात व शरीर अशक्त होताच उचल खातात. गळ्याला सूज येते, श्वास घरघरतो आणि जनावर एक-दोन दिवसांतच दगावते.

फऱ्या : सहा महिने वयानंतर, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. हा रोग विशेषतः सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, अंगाने भरलेल्या खोंडांना व कालवडींना होतो. मांडीवर सूज येते आणि ती दाबली असता चरचर आवाज होतो. रोगाची बीजे जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.

लंपी : चार महिने वयानंतर, दरवर्षी.

ब्रुसेलोसिस : केवळ मादी वासरांना, ४ ते ८ महिने वयात, एकदाच.

काळपुळी : ज्या गावात हा रोग पूर्वी झालेला आहे, तेथेच. या रोगाने मेलेले जनावर फाडू नये आणि त्याचे कातडे काढू नये. चुना टाकून खोल पुरावे.

शेळ्या-मेंढ्या : आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, प्रथमच देताना पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, पीपीआर रोगाची लस तीन-चार महिने वयानंतर, साधारण तीन वर्षांतून एकदा.

सर्व लसी एकाच दिवशी टोचाव्यात असा आग्रह धरू नये. एकत्रित केलेली लस वगळता, दोन लसींमध्ये साधारणतः दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. तसेच काळपुळी व ब्रुसेलोसिस यांच्या जिवंत जंतूंच्या लसी देण्याच्या सुमारास जनावरास प्रतिजैविक औषधे चालू असतील, तर ती लस वाया जाते. म्हणून चालू असलेले औषध डॉक्टरांपासून लपवू नये.

बुळकांडीचा धडा

लसीने खरोखर काय साधते, याचा पुरावा हवा असेल तर घरातील वयोवृद्धांना बुळकांडीविषयी विचारावे. या रोगाने एके काळी गावेच्या गावे ओस पाडली. ताप, तोंडात व्रण, रक्तमिश्रित हगवण, आणि आठ-दहा दिवसांत दावणी रिकाम्या. हिंदुस्थानात जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सन १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली, त्यामागे या रोगाचीच धास्ती होती. पुढे १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. तेथे जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात, विषाणू बोकडांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस तयार केली. ती आपल्या देशी गाई-बैलांना मानवली. परंतु विदेशी व संकरित जनावरांना तीव्र पडे. म्हणून अधिक सौम्य लसींचा शोध चालू राहिला. १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशींवर वाढविलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. ती सर्व जातींना सुरक्षित ठरली व तिच्या एका मात्रेने दीर्घकाळ संरक्षण मिळू लागले. लसीच्या सुरक्षिततेविषयी शंका घेणे गैर नाही, हेच यावरून दिसते. शंका घेतली गेली म्हणूनच लस सुधारत गेली.

आपल्या देशात १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पथके बैलगाडीने, सायकलने, पायी हिंडली. शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला. २००६ मध्ये भारत रोगमुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. आज तिची लस कोणी टोचत नाही, कारण टोचण्याची गरजच उरलेली नाही.

लाळ्या-खुरकुताचे काम याहून अवघड आहे. बुळकांडीची एक लस दीर्घकाळ पुरत असे. येथे विषाणूचे प्रकार अनेक आणि संरक्षण सहा महिन्यांचे. म्हणून यश पूर्णपणे नियमितपणावर आणि गावातील सर्वांच्या सहभागावर अवलंबून आहे. दहा गोठ्यांपैकी सात गोठ्यांनी लस घेतली आणि तिघांनी दारे बंद केली, तर त्या तीन गोठ्यांत रोगाला आसरा मिळतो. तो तेथे वाढतो व पाणवठ्यावर, चराऊ रानात, बाजारात जाऊन इतरांची वासरे गाठतो. उलट, बहुतेक सर्व जनावरांना लस मिळाली, तर रोगाला पुढे सरकण्यास जागाच उरत नाही आणि वयाने लहान म्हणून लस देता न आलेली वासरेही त्या आडोशाने वाचतात. आपल्या गाईस टोचलेली लस ही अशा रीतीने शेजाऱ्याच्या वासराचीही राखण असते.

शेतकरी बंधूंनी यंदा पेरणीच्या तयारीतच एक दिवस जनावरांसाठी राखून ठेवावा. जंताचे औषध मे महिन्याच्या आरंभी पाजावे. गावातील दहा-वीस जणांनी मिळून दवाखान्यात मागणी नोंदवावी. शंका असेल ती डॉक्टरांना उघड विचारावी आणि उत्तर मिळाल्यावर जनावर खोड्यात आणावे. बाजारातून घेतलेले नवे जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याची लसीची नोंद पाहावी आणि मगच ते दावणीला मिसळावे. एवढे केले, तर मृगाचा पाऊस पडेल त्या दिवशी जोडीचे दोन्ही बैल औताला उभे राहतील.